गोषवारेसाहेबांचं एक पान

आमच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांना हमीदभाईंचं आडनाव खरोखरच गोषवारे आहे असं वाटे. एका लग्नपत्रिकेवर तर ‘श्री. गोषवारे, सहकुटुंब’ असं लिहून आलं. हमीदभाई पत्रिका बघून म्हणाले, “ठीक है ताई, जेवण थोडंच आडनाव विचारतंय,” आणि लग्नाला गेले.

गेल्या आठवड्यात लासूर स्टेशन या गावी, मुलाकडे, ते वारले. पेपरात ‘शेख हमीद’ वाचून, ओळख न पटून, मी पान उलटलंच होतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात तेव्हा सगळ्या खात्यांना मिळून एकच मोठा संगणक होता, मेनफ्रेम. पगार, विक्री, भांडार, सगळ्यांची कामं त्यावर चालत. कुणाचं काम किती वेळ चाललं याची नोंद यंत्रच ठेवी, आणि महिनाअखेरीस यंत्राचा सगळा खर्च त्या प्रमाणात खात्यांवर टाकला जाई. नोंदींचा गठ्ठा उशीएवढा जाड निघे. तो कुणी उघडत नसे. हमीदभाईंनी त्याचा एका पानात गोषवारा काढणारा प्रोग्राम लिहिला आणि ते गोषवारेसाहेब झाले.

पानाबाहेर एक ओळही गेलेली त्यांना खपत नसे. “दुसरं पान कपाटात जातं,” म्हणायचे. पान घेऊन स्वतः खात्याखात्यांत फिरत. मी भांडाराचे प्रोग्राम लिही, म्हणून माझ्या टेबलापाशी हमखास थांबत.

“क्या ताई, तुमचं खातं लई खातंय या महिन्यात.”

“वर्षअखेरीची मोजणी आहे, हमीदभाई.”

“हौ, मग खाऊ द्या पोटभर.”

पण पान वाचता येऊ लागलं तसे साहेबलोक ते वाचू लागले. विक्रीच्या साहेबांनी आपल्या नावापुढचा आकडा पाहिला आणि स्वतःचे छोटे संगणक आणून काम तिकडे नेलं. यंत्राचा खर्च तेवढाच राहिला, तो उरलेल्यांवर पडला. मग पगारखात्याचा आकडा फुगला, तेही गेलं. महिन्यामागून महिना पानावरच्या ओळी कमी होत गेल्या आणि उरलेल्या जड होत गेल्या.

हमीदभाईंचा जीव त्या थंडगार यंत्रखोलीत होता. चपला बाहेर काढून ते आत जात, भर मे महिन्यात स्वेटर घालून बसत. मी एकदा म्हटलं, “थोडे दिवस पान काढूच नका. कुणी विचारणार नाही.”

ते चष्मा पुसत राहिले. “गठ्ठा था तब कोई पढता नहीं था ताई, यंत्र सुखात होतं. मीच यांना वाचायला लावलं. आता नाय दिलं तर म्हणतील, लपवतोय.”

शेवटी आमचं भांडारही त्या यंत्रावरून निघालं. सांगायला मीच गेले. “बरं झालं,” ते म्हणाले, “तुमच्यावर लई बोजा पडत होता.” आणि मला खुर्ची दिली.

पुढच्या महिनाअखेरीस मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. पान निघालं होतं. त्यावर एकच ओळ होती. खातं, संगणक विभाग. काम, गोषवारा. महिनाभरात यंत्रावर दुसरं काही चाललंच नव्हतं, आणि सगळा खर्च त्या ओळीवर पडला होता. हमीदभाईंनी नेहमीसारखी खाली सही केली, बाहेर येऊन चपला घातल्या आणि पान हातात धरून उभे राहिले.

“ताई,” त्यांनी विचारलं, “अब ये किसकू देऊं?”