व्यंगचित्रकार बाईंचा सत्कार

माझ्या चित्रांना शेवटचं कोण हसलं ते मला आठवत नाही. उमेदीत मी पुण्याला होते. हौस रंगचित्रांची, पण ती कोणी विकत घेईना, म्हणून एका साप्ताहिकासाठी व्यंगचित्रं काढू लागले आणि त्यातच हयात गेली. सहीत नुसतं आडनाव असायचं, त्यामुळे वाचकांची पत्रं 'साहेब' म्हणून यायची. बाईला चेष्टा जमते हे खुद्द संपादकांनाही शेवटपर्यंत पटलं नाही. साप्ताहिक बंद पडलं आणि मी भूमला पुतण्याकडे आले. चित्रांचं गाठोडं पलंगाखाली गेलं. निम्मी चित्रं वाळवीनं खाल्ली. तिला तरी ती आवडली म्हणायची.

मरायच्या आधी एकदा, माझं चित्र बघून माणसं समोर हसताना बघावीत, एवढीच इच्छा उरली होती. त्यामुळे "आत्या, तुमचा सत्कार ठरलाय, चित्रं बी आणा म्हनतेत" असं पुतण्यानं सांगितलं, तेव्हा मी पोरीसारखी हुरळले. ठेवणीतली साडी नेसून गेले.

मंडपात बसल्यावर मागचा फलक वाचला: 'दिव्यांग कलावंतांचा गौरव'. पुतण्यानं फोनवर 'व्यंगचित्रकार' सांगितलं होतं. संयोजकांनी त्यातलं 'व्यंग' तेवढं उचललं. मी काठी टेकत आलेली, मग शंका कोणाला येणार? मी त्यांना जवळ बोलावून म्हटलं, "अहो, मी दिव्यांग नाही."

"मनाला लावून घिऊ नका, बाई," ते हळूच म्हणाले. "त्यात लाजायचं काय?"

मग त्यांनी माझं सगळ्यांत लाडकं चित्र उंच धरलं. खुर्चीवर बसून बसून पाय झिजलेला मंत्री. डोकं भोपळ्याएवढं, पाय वीतभर आणि अधांतरी. छापून आलं तेव्हा संपादकांना धमक्या आल्या होत्या. मी श्वास रोखून समोर बघत राहिले. पुढच्या रांगेतली म्हातारी "अरारा" म्हणाली. मागं कोणीतरी चुकचुकलं. मग टाळ्या झाल्या, कीव आल्यावर वाजवतात तशा.

मला रडू आलं आणि संतापही. हे हसण्यासाठी काढलंय, मूर्खांनो, असं ओरडावंसं वाटलं. माईक समोरच होता. मी उठलेसुद्धा.

तेवढ्यात शेजारची बाई बोलली. तिशीतली, लोहाऱ्याहून आलेली, गोधड्यांवर नक्षी शिवणारी. तिचाही सत्कार होता. ती चाकाच्या खुर्चीत बसली होती आणि साडीखालून तिचे आखूड, बारीक पाय दिसत होते.

"पाय अगदी माझ्यावानी काढलेत तुम्ही," ती म्हणाली. "आमच्यासारख्याचं चित्र कुणी काढत न्हाय बघा. अन् खुर्चीत कसा रुबाबात बसवलाय! कोण हाय ह्यो?"

मी खाली बसले.

"आहे एक ओळखीचा," म्हटलं.

"मला द्याल? घरी भिंतीवर लावते."

मी दिलं. आता ते तिकडे लोहाऱ्यात तिच्या घरी आहे. आयुष्यभर काढलेल्या चित्रांत तेच एक खरं जमलेलं होतं, आणि ते बघून कोणी म्हणजे कोणी हसू नये, अशी प्रार्थना आता मीच करते.