तेहतीस कोटींचा भागाकार

नोकरीआधी वर्गावर घ्यायच्या डेमो तासाचा विषय क्लास चालवणाऱ्या सरांनीच दिला होता. ३१, ३३१, ३३३१. पुढं एकेक तीन लावत जायचं, दर वेळी मूळ संख्याच मिळते, असं ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. मी घरी लॅपटॉपवर तपासत गेले. आठ आकड्यांपर्यंत सर बरोबर होते. आणखी एक तीन लावला की ३३,३३,३३,३३१ होतात, आणि त्यांना सतरानं भाग जात होता. मग कागदावर करून पाहिलं. चूक माझीच निघावी असं वाटत होतं.

सरांना फोन करायचं धाडस झालं नाही. आधीच्या दोन क्लासेसमध्ये डेमोला माझा आवाजच फुटला नव्हता. इथंही तसंच झालं तर मोहोळला मामाच्या खताच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलं होतं.

डेमोच्या दिवशी सर मागच्या बाकावर बसले. आपल्या सोलापुरातल्या क्लासेसमध्ये शिकवणाऱ्यानं अर्धं वाक्य बोलायचं आणि पोरांनी ते एका सुरात पुरं करायचं. आमच्या इंग्रजी शाळेत असं नव्हतं. मी "तीनशे एकतीस ही..." म्हणायचे आणि वर्ग म्हणायचा, "मूळ संख्या." नऊ आकडे लिहून होण्याआधीच ते म्हणून झालं होतं. सर मान डोलावत होते. मी तिथंच थांबले असते तर कुणाला कळलंही नसतं. खडू घामानं ओला झाला होता.

"बघू या," मी म्हणाले.

आकड्यांची बेरीज पंचवीस, म्हणजे तीननं भाग नाही. सात, अकरा, तेरानंही नाही. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सरांनी सांगितलंय की. मूळच हाय. कशाला उगं फळा भरताय?" वर्ग हसला.

मग सतरा. मला तो पाढा इंग्रजीतच येतो. मी ओठांतल्या ओठांत म्हणत होते, तो पोरांनी मोठ्यानं मराठीत उचलला. बाकी एकेक पायरी खाली उतरत आली. शेवटी एक्कावन्न राहिले.

"सतरा त्रिक एक्कावन्न," सगळे सवयीनं म्हणून गेले. मी खाली शून्य लिहिलं आणि वर्ग गप्प झाला. माना मागं वळल्या. मी वळले नाही. बाक सरकल्याचं ऐकू आलं.

सर फळ्यापाशी आले. भागाकारावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"हे घरूनच माहीत होतं तुम्हाला?"

"हो सर."

"मग मला आधी सांगायचं की."

त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, तेव्हा संपलं असंच वाटलं. त्यांनी शून्याखाली 'मूळ नाही' लिहिलं, पोरांना उतरवून घ्यायला सांगितलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "उद्यापासून नववी घ्या. पण असं काही सापडलं, तर आधी माझ्याकडं यायचं. मग वर्गात."

मोहोळ टळलं होतं. जिना उतरताना मात्र 'आधी माझ्याकडं यायचं' हेच डोक्यात घोळत होतं. पोरांसमोर मी फळ्याकडं तोंड करून उभी राहू शकत होते. सरांच्या केबिनमध्ये फळा नव्हता.