ओमुराली आगायंचे कान

शाळेतल्या सगळ्या आगायंत, म्हणजे मास्तरांत, ओमुराली आगायंची नक्कल सगळ्यात सोपी. आधी नाकातून एक लांब श्वास सोडायचा, मग वाक्य सुरू करायचं आणि शेवट गिळून टाकायचा. "मुलांनो, कोमुझ छातीशी धरायचा, पोटाशी..." पोटाशी धरायचा नाही, हे आपलं आपण समजून घ्यायचं. आमच्या कोच्कोर गावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं त्यांनी संगीत शिकवलं ते असं अर्ध्या अर्ध्या वाक्यांनी.

त्या वर्षी बटाटे काढायच्या दिवसांत त्यांनी मुख्याध्यापिकेच्या नावाने अर्ज लिहिला. कान कामातून गेले आहेत, सोमवारपासून दुसरा शिक्षक बघावा. बस, एवढंच. लिहिताना वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण काहीच वाटलं नाही. सही केली, कागद पासपोर्टच्या पिशवीत घातला आणि चहा ओतून घेतला. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बिश्केकला गेलेली, त्यामुळे सांगायलाही कुणी नव्हतं. हे त्यांनी पुढे वर्गात स्वतःच सांगितलं; उरलेलं शेजारच्या बात्मा आपाने गावभर केलं.

झालं होतं असं. पूर्वी ते तिघं वाजवायचे. आगाय आणि जिरगल यांचे तीन तारांचे दोन कोमुझ, आणि सातारचा तोंडात धरून वाजवायचा लोखंडी कोमुझ. लग्न असो, साठी असो, तिघंच. मग जिरगल मॉस्कोला टॅक्सी चालवायला गेला आणि सातार कोरियात जहाजांना रंग मारायला. जायच्या आधी आगायंनी एकेकाला समोर बसवून त्याचं वाजवणं लॅपटॉपमध्ये भरून घेतलं. आता कार्यक्रमात आगाय एकटेच बसतात, त्यांचा कोमुझ माइकमधून लॅपटॉपमध्ये जातो, पायाखालची कळ दाबली की डावीकडून जिरगल आणि उजवीकडून सातार वाजू लागतो. तीन वर्षं हे नीट चाललं.

उन्हाळ्यात मात्र आवाज फाटायला लागला. सुरुवातीला साफ, आणि दहा-पंधरा मिनिटांनी त्यात तडतड. स्क्रीनवर आवाज फार मोठा झाल्याचा लाल दिवा लागत होता म्हणून आगायंनी आवाज कमी केला. तडतडही कमी आवाजात होऊ लागली. वायर बदलली, जावयाचे स्पीकर आणले, तरी तेच. मग सॉफ्टवेअरमध्ये बफर म्हणून असतो तो वाढवला. म्हणजे मशीनला आवाज जुळवायला जरा जास्त वेळ द्यायचा. तडतड थोडी उशिरा सुरू व्हायला लागली, पण आपला कोमुझ आत्ता छेडला तर स्पीकरमधून मागाहून यायचा. आगायंनी बफर परत होता तिथे आणला.

बाहेर कुणाला ऐकू येतं का, हे कळायला मार्ग नव्हता. लग्नांत लोक म्हणायचे, "वा, आगाय, सुंदर. घ्या, मांस घ्या." आमच्याकडे आगायंच्या तोंडावर दुसरं कोण काय बोलणार?

शेवटी त्यांनी कॉम्प्युटरच्या मास्तरांना विचारलं. हे अझात, वय सव्वीस. यांचं प्रत्येक वाक्य "असं आहे बघा" ने सुरू होतं आणि आकड्यावर संपतं. ते लॅपटॉप शाळेत घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले.

"असं आहे बघा, आगाय. टेबलावर ठेवून सलग चालवला. दोन तास. तडतड शून्य."

"एकदाही..."

"एकदाही नाही."

"बरं."

त्या संध्याकाळी आगायंनी घरी लावला. बाराव्या मिनिटाला तडतड. म्हणजे मशीन ठीक, तर बिघाड आपल्यातच. मग त्यांना ती किटलीतही ऐकू यायला लागली, अंगणातल्या खडीतही. त्यांनी अर्ज लिहिला तो तेव्हा.

रविवारी दुपारी ते शेवटचं म्हणून वाजवत बसले होते. तेवढ्यात बात्मा आपा पिठाची चाळणी मागायला आली. आपा चार पावलांवरच्या माणसाशीही पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढपाळाशी बोलावं तशी बोलते.

"ओमुराली! तुझ्या त्या डब्यात बोर्सोकचे गोळे कोण तळतंय?"

आगायंचा हात थांबला. "तुम्हालाही ऐकू येतं, आपा?"

"का नाही येणार? म्हातारी झाले, बहिरी नाही. जूनमध्ये माझ्या नातवाच्या लग्नात पण तळत होतं कुणीतरी."

"मग तेव्हा सांगितलं का..."

"तेव्हा तू पाहुणा होतास. आज मी चाळणी मागायला आले आहे."

आगायंनी अझातना फोन केला. अझात आले, दारात बूट काढले आणि तिथेच उभे राहिले. खोलीच्या वरच्या टोकाला, जिथे मानाच्या पाहुण्याला बसवतात, तिथे एकावर एक दोन जाड गाद्या होत्या, आणि त्यांच्यावर लॅपटॉप. आगाय आणि आपा खाली साध्या गादीवर.

अझातनी लॅपटॉपखाली हात घातला आणि लगेच काढला. "आगाय, हे इथे का ठेवलंय?"

"मग कुठे ठेवू? दारापाशी?"

"असं आहे बघा, हे खालून हवा घेतं. गादीत रुतलं की गुदमरतं, तापतं. तापलं की स्वतःच हळू होतं, आणि आवाज वेळेवर पोचत नाही, तुकडे होऊन येतो. तीच तडतड. लग्नातही गादीवरच होतं?"

"लग्नात तर तीन गाद्या होत्या," आपा म्हणाली. "नवरीच्या मामाने स्वतः उठून जागा दिली त्याला."

"टेबलावर ठेवा, आगाय. काही होणार नाही."

आगायंनी नाकातून लांब श्वास सोडला. मग म्हणाले, "वाद्य कुणी असं कुठेही ठेवतं का? आणि त्यात जिरगल आणि सातार..."

आपा उठली, स्वयंपाकघरातून कणीक लाटायची मोठी फळी आणि चार प्याले घेऊन आली. फळी गाद्यांवर आडवी टाकली, तिच्यावर प्याले पालथे घातले आणि त्यांच्यावर चारी कोपरे टेकवून लॅपटॉप बसवला. "घे. मान पण राहिला आणि हवा पण. माझी चाळणी?"

लॅपटॉप निवेपर्यंत तिघांनी चहा घेतला. मग आगायंनी कळ दाबली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला. आवाज धुतल्यासारखा स्वच्छ.

"काय आगाय, झालं ना?" अझात म्हणाले. "आता तरी हसा."

"थांब जरा." आगायंनी मान डावीकडे कलती केली. "जिरगलची मधली तार उतरली आहे."

अझातना काही कळलं नाही. आपालाही नाही, आणि तिने तसं मोठ्याने सांगितलं. आगायंनी तिथूनच मॉस्कोला फोन लावला.

"बोला, उस्ताद. गाडीत आहे, मागे सवारी आहे."

"तुझी मधली तार उतरली आहे."

"कुठली तार? माझा कोमुझ खुंटीवर टांगलाय."

"जायच्या आधी वाजवलंस त्यातली."

"तीन वर्षांपूर्वीची? आणि हे आज सांगताय?"

"आज ऐकू आली."

"किती उतरली आहे?"

"केसभर. दुसऱ्या कुणाला कळणार..."

"मग मरू दे ना. उस्ताद, तुमचे कान आहेत की काय आहेत? बरं, ठेवतो, पोलीस उभा आहे."

फोन बंद झाला. आगायंनी तो खाली ठेवला. चेहऱ्यावर काही नव्हतं, असं आपा सांगते, बरं वाटल्याचं पण नाही. मग त्यांनी पिशवीतून अर्ज काढून आपाला दिला आणि म्हणाले, चुलीत घाला. आपाने तो आधी लांब धरून पूर्ण वाचला.

"एका बटणात सरळ करून देतो," अझात म्हणाले. "जिरगलदादांची तार. दोन मिनिटं."

"राहू दे."

आगायंनी आपला कोमुझ मांडीवर घेतला, कान खुंट्यांपाशी नेला आणि स्वतःची मधली तार केसभर उतरवली.