आधी सेव्ह

"थांब. आधी सेव्ह." एक बोट वर करून काका म्हणायचे आणि मगच पुढचं बटण दाबायचे. ही सवय इतकी अंगात मुरली की हायवेवर लेन बदलतानाही त्यांचं बोट स्टिअरिंगवरून उठायचं. मागच्या सीटवरून काकू म्हणायच्या, "इथे मागे जाता येत नाही हो."

परदेशात, पिस्कॅटवे गावात ते आमच्या शेजारी राहायचे. मूळचे नागपूरचे, जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनिअर. अशा माणसाला जपानी व्हिज्युअल नॉव्हेलचं वेड लागावं, याचं तुम्हालाही नवल वाटेल. ती कादंबरीच, फक्त कॉम्प्युटरवर वाचायची. चित्रं असतात, पात्रांचे आवाज असतात आणि मध्येच गोष्ट थांबते, दोन वाटांपैकी एक निवडायला सांगते. काकांची गोष्ट एका बंदराची होती, सहा भागांची. पहिले तीन नुसती कोडी घालणारे, पुढचे तीन उकल करणारे. एक भाग संपला की पुढच्यासाठी वर्षभर थांबायचं. तोही आधी जपानीत यायचा, मग सावकाश इंग्रजीत.

"वाईट शेवट बघितल्याशिवाय खरा उघडत नाही," असं ते मला शिकवायचे. म्हणून चुकीच्या वाटेनेही जायचे आणि सेव्ह केलेल्या जागी परत यायचे.

काकूंना दिसेनासं झालं होतं. रोज चहाच्या वेळी काका त्यांना वाचलेलं सगळं मराठीत सांगायचे. बंदरावर सुकी मासळी विकणारी एक फटकळ बाई काकूंची फार लाडकी. "हिला माझीच जीभ आहे," त्या म्हणायच्या. तिसऱ्या भागात ती दूर लेकीकडे राहायला गेली, तेव्हा काकू आठवडाभर काकांवर रुसल्या होत्या. जणू तिकीट त्यांनीच काढून दिलं होतं.

सहावा भाग यायच्या आत काका गेले.

तो आला तसं काकूंनी मला बोलावलं. काकांचा लॅपटॉप पुढे सरकवला. "ती परत आली का, तेवढं बघ गं." जुनं सेव्ह वापरायचं का, असं पडद्यावर आलं. काकू म्हणाल्या, "त्यांचंच घे."

यादी उघडली. प्रत्येक नोंदीपुढे काकांनी मराठीत काहीतरी लिहिलं होतं. तिसऱ्या भागात एकाच प्रसंगाच्या अकरा नोंदी होत्या. मासळीवाली समुद्रात बुडते तो प्रसंग. अकरा वेगळ्या वाटांनी जाऊन काकांनी तिला वाचवायचा प्रयत्न केला होता. शेवटच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, "नाही जमलं. हिला सांगितलेलं नाही."

मला त्यांचा राग आला. हे माझ्या गळ्यात टाकून गेले म्हणून. आणि त्यांची फार आठवणही आली. सहावा भाग सुरू झाला, तर बंदरावर लोक तिच्या नावाने पाण्यात दिवे सोडत होते.

काकूंनी कप खाली ठेवला. "काय दिसतंय?"

माझं बोट वर गेलं. "थांबा काकू. आधी सेव्ह करते."

त्या हसल्या. काका गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मी सेव्ह केलं. मग म्हणाले, "बोट धक्क्याला लागलीय, काकू. ती उतरतेय. आणि उतरल्या उतरल्या नावाड्याशी भांडतेय."