पडवीतून दिसलेला शेंडा
पितळ घासायला चिंच भिजत घातली की तिच्या वासाबरोबर मला काशीदचा एक माड आठवतो. सन तीसच्या सुमाराला मी मोजणी खात्यात नवा होतो आणि माझी कोन मोजायची पितळी दुर्बीण माझ्याइतकीच चकचकीत होती. मोठ्या साहेबांची मोटार दुसऱ्या दिवशी यायची होती, म्हणून रस्त्याकडेचा वाकडा माड पाडायचा हुकूम होता. पाडायला बोलावलेल्या म्हाताऱ्याच्याच झोपडीकडे तो झुकला होता. म्हातारा माडाकडे पाठ करून चालत गेला, थांबून थांबून ओणवा होत दोन पायांमधून मागे बघत राहिला. शेवटी स्वतःच्या पडवीत ओणवा होऊन म्हणाला, “हितनं शेंडा दिसतोय, रावसाहेब. म्हंजे माड हितवर येनार. वरनं तुकडं करून उतरवतो, दोन दिस द्या.” “आजोबा, सरकारी गणित असं उलटं होऊन करत नाहीत,” मी म्हणालो. शिपाई हसले. मी कोन मोजला, कोष्टक पाहिलं आणि शेंडा पडवीच्या दोन फूट अलीकडे पडेल असं जाहीर केलं. तो पडवीवर पडला आणि खांबांसकट छप्पर खाली आलं. “घाव तिरपा बसला तुझा,” मी सगळ्यांदेखत म्हणालो. तो कुऱ्हाडीकडे बघत राहिला. “व्हय, आसंल. हात म्हातारा झाला.” संध्याकाळी दुर्बिणीची तिपाई मिटताना ध्यानात आलं, की ती माझ्या छातीइतकी उंच होती आणि तेवढी उंची मी हिशेबात मिळवलीच नव्हती. झोपडी तिथून शंभर पावलांवर होती. आज मी त्याच्या वयाचा आहे, आणि ती शंभर पावलं अजून चाललेलो नाही.