चालत्या यंत्राचे आकडे

खोटं कशाला सांगू, त्या सकाळी मी खुशीत होते. महिनाभर डोकं खाल्लेलं काम संपलं होतं आणि साडेदहाला चादरीच्या कारखान्यात त्याची परीक्षा होती. तिथे धुतलेल्या चादरी दोन जड रोलरांमधून जातात. सुरकुती काढायला माणूस हात पुढे करतो आणि कधीतरी बोटं आत जातात. मी वर कॅमेरा लावला होता, शेजारी छोटा कॉम्प्युटर. हात दिसला की माझ्या प्रोग्रॅमनं यंत्र थांबवायचं, पापणी लवायच्या आत.

परीक्षा घेणार होते माझे अप्पा. जन्मभर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे; आता याच कारखान्यात यंत्रं बघतात. जॉबरांची रीत अशी की दुरुस्त केलेल्या यंत्राला पहिला हात आपला लावायचा, कामगाराचा नाही. मी म्हटलं होतं, पुठ्ठ्याची नळी घालून बघा. तर म्हणाले, "पोरीनं केलंय आन् मी नळी घालू व्हय?"

प्रोग्रॅम मधेच रेंगाळतो का, एवढीच मला धाकधूक होती. प्रोसेसरच्या आतच काउंटर असतात. किती ठोके पडले, मेमरीतून माहिती यायची वाट किती वेळा बघावी लागली, हे ते मोजतात. ऑपरेटिंग सिस्टीमला विचारलं की ती आकडे देते, पण दर वेळी तिच्या दारात जाऊन विचारायचं म्हणजे विचारण्यातच वेळ जातो आणि मोजायचं कामच बिघडतं. म्हणून मी थेट वाट धरली. सिस्टीम मेमरीत एक पान उघडं ठेवते. आपला काउंटर कुठला ते पानावर बघायचं आणि आकडा स्वतःच वाचायचा. प्रत्येक फोटो तपासायच्या आधी एकदा, नंतर एकदा, मग वजाबाकी. तेवढाही वेळ वाचावा म्हणून पान मी फोटोच्या सुरुवातीला एकदाच बघत होते. आकडे सुरेख यायचे. अधूनमधून एखादी वजाबाकी भलतीच मोठी यायची, ती वाचण्यातली गडबड समजून मी टाकून द्यायचे.

त्या सकाळी घरी चहा पिताना हे मी अप्पांना गंमत म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "चालत्या मागाचं मीटर एकदा वाचायचं नसतंय. डावीकडचे आकडे बघायचे, उजवीकडचे बघायचे, परत डावीकडचे बघायचे. मदी चाक फिरलं आसलं तर वाचलेलं खोटं."

"मग काय करता?"

"करायचं काय? परत वाचायचं. तू काय करतीस?"

"टाकून देते."

"बरं हाय की तुमचं!" हसले आणि गाडीला किक मारून गेले.

कप विसळता विसळता माझे हात थांबले. चाक मधे फिरतं म्हणजे काय? प्रोसेसरमध्ये काम करणारे कोअर, म्हणजे भाग, अनेक असतात; सिस्टीम माझा प्रोग्रॅम एका कोअरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवते, तेव्हा पान बदलतं. पानावर त्यासाठीच एक क्रमांक असतो. वाचायच्या आधी तो बघायचा, नंतर बघायचा, बदलला असेल तर पुन्हा वाचायचं. मी शहाणी, जुन्या पानावरून नवा आकडा लावत होते! आणि उचलून ठेवलेला प्रोग्रॅम नव्या जागी सगळी माहिती पुन्हा गोळा करतो. तेव्हाच तर तो रेंगाळणार. म्हणजे उशिराचे फोटो नेमके मीच कचऱ्यात टाकत होते.

चार ओळी बदलल्या आणि गेल्या आठवड्याचं चित्रण घरच्या कॉम्प्युटरवर पुन्हा चालवलं. भलते आकडे नाहीसे झाले. त्यांच्या जागी खरे आले. बहुतेक फोटो झटक्यात, आणि मग एक असा रेंगाळलेला, की तेवढ्यात मनगटापर्यंत हात आत जाईल.

अप्पांना फोन लावला. उचलेनात. त्या खडखडाटात ऐकू कुठलं येणार? स्कूटी काढली. अक्कलकोट रोडवर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, त्याला मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. घड्याळाकडे बघायची हिंमत होत नव्हती. तोंडातून एकच येत होतं, देवा, नळी घालू दे, नळी घालू दे.

पोचले तेव्हा यंत्र चालू होतं आणि अप्पा बाही वर सारून उभे होते. मी दारातूनच किंचाळले, "अप्पा, थांबा! माझं चुकलंय!"

त्यांनी वळून बघितलं. कोपऱ्यातली पुठ्ठ्याची नळी उचलली आणि रोलरांपुढे धरली. यंत्र थांबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा धरली, पुन्हा थांबलं. परीक्षेला हजर असलेले कारखान्याचे मालक माझ्याकडे बघायला लागले. थांबतंय की, काय झालंय हिला! कितव्या खेपेला कोण जाणे, यंत्र थांबलंच नाही. नळी कडाकडा चेपत निम्मी आत गेली, मग ब्रेक लागला.

अप्पांनी चेपलेलं टोक ओढून बाहेर काढलं, उलटंपालटं करून बघितलं.

"अप्पा," मी विचारलं, "हात घातला नव्हता ना?"

"घातलावता की," ते हळू म्हणाले. "सा-सात येळा. परत्येक खेपंला थांबलं."

मी तिथेच चादरींच्या ढिगाला टेकून बसले, त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. ते खाली वाकून म्हणत राहिले, "अगं, हाय की. हाय की हात."