किड्यांची आई

माझी धाकटी जाऊ किडे पाळते. घरात नव्हे हो, पगार घेऊन. हरितगृहामागच्या शेडमध्ये ती कोळी वाढवते. जाळं विणणारे नव्हेत. टाचणीच्या टोकाहून बारीक, तांबूस. पिकाचा रस शोषणाऱ्या उपद्रवी कोळ्यांना ते खातात, म्हणून बागायतदार त्यांचे डबेच्या डबे नेतात. आमच्या मावससासूबाईंनी तिचं नाव ठेवलं ‘किड्यांची आई’. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं, तेव्हा विनोद किती वरच्या दर्जाचा होता ते कळलंच असेल. सगळे हसले. तीही हसली आणि भांडी घासायला उठली.

त्या कोळ्यांचे लाड तर विचारू नका! खोली गार पडली की वाढायचंच नाव काढत नाहीत. फार तापली की भराभर मोठे होतात, पण माद्या मोजकीच अंडी घालतात आणि लवकर मरतात. नुसते परागकण खाऊन कसेबसे जगतात. जिवंत कोळी खायला मिळाले की अंडीच अंडी.

सासूबाईंनी हे शास्त्र ऐकलं आणि लगेच सुनेवर लावलं. “गार फरशीवर पाय ठेवू नकोस. अंडी खा. नको, अंडी उष्ण पडतात, दूध पी.” सोबतीला डॉक्टर, गोळ्या, पोटात इंजेक्शनं. आमचे दीर या काळात मॅच बघत होते. फार दमायचे बिचारे. आता सासूबाईंनी नवीन डॉक्टर गाठून तिचं ऑपरेशन ठरवलं होतं. जाऊ मला म्हणाली, “ताई, आता हे सोसायची ताकद नाही उरली माझ्यात.” मला इतका राग आला, पण आमच्या घरात मोठ्या सुनेच्या रागाला कोण विचारतो?

नेमकी तेव्हाच शेडमध्ये अंडी बंद झाली. हिने हीटर कमी केला, वाढवला. परागकण बंद करून जिवंत खाद्य दिलं. काही उपयोग नाही. मॅनेजर म्हणाला, “माद्याच वांझ निघाल्या. फेकून द्या.” हिने एक दिवस मागून घेतला आणि भिंगाखाली डबे तपासत बसली.

त्या संध्याकाळी जेवताना ती एकदम म्हणाली, “सापडलं! नवी चाळणी मोठ्या भोकांची निघाली. डब्यात कोळी कोंड्यातच राहतात ना, त्याचा जुना भुगा चाळून टाकताना नर खाली पडले. लहान असतात ना ते. भुग्याबरोबर गेले कचऱ्यात. डब्यात नुसत्या कोवळ्या, नर न भेटलेल्या माद्या. यांच्यात नराशिवाय मादी अंडं घालतच नाही. आम्ही आपले खाणं बदलतोय, हीटर फिरवतोय, आणि नरांकडे बघायचं एकालाही सुचलं नाही. मलासुद्धा!”

ती एकटीच खदखदून हसत होती. मग हसू थांबलं. तिने नवऱ्याकडे बघितलं.

“तुझी एक तरी तपासणी झालीये का रे?”

“त्याला काय धाड भरलीये?” सासूबाई कडाडल्या. “चांगला धडधाकट आहे!”

“मी पण धडधाकटच होते, आई. तुमची औषधं सुरू होईपर्यंत. ऑपरेशन मी करणार नाही.”

दीर भरलं ताट सोडून उठले आणि धाडकन दार लावून घेतलं. सासूबाई मला म्हणाल्या, “बघितलंस? पोरगा उपाशी उठला.” मी म्हटलं, “भूक लागली की येतील बाहेर.” त्यावर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. तेवढीच शांतता.

सकाळी बघते तर दीर बूट घालून दारात उभे. चेहरा उतरलेला. बायकोला म्हणाले, “चल ना. डॉक्टरांकडे. माझी तपासणी करून घेतो.”

ती डबा भरत होती. तिचे डोळे भरून आले, हात मात्र थांबले नाहीत.

“मी प्रत्येक वेळी एकटीच गेले,” ती म्हणाली. “तूही जाऊन ये.”

 मग त्यांनी दवाखान्याचा पत्ता विचारला. इतकी वर्षं बायको जात होती, तो दवाखाना कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं.